राडे सरांचा स्टॉपर

"त्याला सांग, मी पाच शब्द देणार आहे. लक्षात ठेवायचे. थोड्या वेळानं परत विचारीन," राडे सर मला इंग्रजीत म्हणाले.

फायनलचा दिवस होता, रविवार. नागझरी तालमीच्या माडीवर सतरंजी अंथरून सगळी पोरं बसली होती. खालच्या कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीचा आंबूस वास जिन्यातून वर येत होता. माझा धाकटा भाऊ रणधीर, तालमीच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन, भिंतीला पाठ लावून बसला होता. दारात तालमीचे अध्यक्ष इंगवलेमामा उभे होते, आणि त्यांच्यामागं रस्त्यावर सकाळपासूनच हलगी सुरू झाली होती.

मी रणधीरला मराठीत सांगितलं. तो हसला. "पाच का, पन्नास सांग की."

सर एकेक शब्द म्हणत गेले आणि मी त्याचं मराठी करत गेले. "झाड. घोडा. पूल. साखर. खिडकी."

"झाड, घोडा, पूल, साखर, खिडकी," रणधीरनं लगेच म्हणून दाखवलं. पोरं हसली.

"बालवाडी भरवलीया काय हितं?" इंगवलेमामा पुटपुटले. ते मी भाषांतर केलं नाही.

सर फळ्याकडं वळले आणि फायनलला आमच्यासमोर असलेली बुरुजाकडील तालमीची पोरं कशी खेळतात, कॉर्नर कुठून मारतात, ते खडूनं काढून दाखवू लागले. मी त्यांचं बोलणं सांगत होते, पण माझं लक्ष रणधीरकडं होतं. तो डोळे बारीक करून फळ्याकडं बघत होता. खिडकीतून येणारं ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं. थोड्या वेळानं तो गुपचूप सरकून सावलीत बसला.

कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या माणसाला फुटबॉल समजावून सांगावा लागत नाही, पण राडे सरांविषयी सांगायला हवं. राडोमिर वासिलयेविच हे त्यांचं पूर्ण नाव. सर्बियाचे. चौदा-पंधरा वर्षं बचावपटू म्हणून खेळले, मग कोच झाले आणि देशोदेशी फिरत गोव्यात आले. तिथला क्लब हंगामाच्या मध्यातच बंद पडला. सामने बघायला गेलेल्या इंगवलेमामांना ही बातमी कळली, आणि मामा त्यांना गाडीत घालून थेट कोल्हापूरलाच घेऊन आले. सरांच्या देशात राडोमिरला लाडानं राडे म्हणतात. "राडा करायला आमची पोरं पुरी हुती, आता सरपण राडे आले," असं पेठ हसून म्हणायची.

उंच, पाठीत किंचित वाकलेले, नाक एकदा मोडून वेडंवाकडं बसलेलं. इंग्रजी तोडकंमोडकं, आणि आमच्या पोरांचं तर तेवढंही नाही. मी हायस्कूलात इंग्रजी शिकवत होते. मामा घरी येऊन आईला म्हणाले, "वहिनी, सुनेत्राला दोन महिने आम्हाला द्या." बाईमाणूस तालमीत कसं जाणार, हा आईचा प्रश्न होता. मामांनी तोडगा काढला. हौद्याकडं जायचं नाही, बाजूच्या जिन्यानं थेट माडीवर. अशी मी नागझरी तालमीची दुभाषी झाले. सर मला 'प्रोफेसोर्का' म्हणत. त्यांच्याकडं शाळेतल्या बाईंनाही प्रोफेसर म्हणतात म्हणे.

रणधीरवर सरांचा विशेष जीव. तो स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढं मधोमध उभा राहणारा. सरांची आयुष्यभराची जागा तीच. बाकीच्यांना सराव संपवून सोडलं की सर त्याला एकट्याला थांबवून घेत. चेंडूकडं बघू नको, समोरच्याच्या कमरेकडं बघ. पाय खोटं बोलतात, कंबर बोलत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलं असेल की मला स्वतःलाच रस्त्यानं जाताना माणसांच्या कमरेकडं बघायची सवय लागली होती.

आदल्या रविवारी सेमीफायनल झाली. पहिल्या हाफमध्ये उंचावरून आलेल्या चेंडूसाठी रणधीर आणि समोरचा फॉरवर्ड एकदमच उडाले आणि दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. आवाज गॅलरीपर्यंत ऐकू आला. रणधीर पडला तो पडलाच. पोरांनी तोंडावर पाणी मारलं, कुणी कान चोळले. मग तो उठला, हात वर केला, आणि स्टेडियम दणाणून गेलं. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नरवर त्यानंच हेडर मारून विजयी गोल केला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, पेठेत गुलाल उधळला, आईनं दारात औक्षण केलं.

सोमवारी तो उठलाच नाही. खोलीच्या खिडक्या लावून अंधारात पडून राहिला. जेवला की ओकायचा. आई म्हणाली, पित्त झालंय, आणि आलं-लिंबू देत राहिली. मंगळवारी त्यानं मला गाडीची किल्ली कुठं आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. जरा वेळानं परत विचारलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मी त्याच्या तोंडाकडं नुसती बघत राहिले.

"असं का बघालीस?"

"तुझं डोकं दुखालंय का रणधीर?"

"थोडं." मग तो माझा हात धरून म्हणाला, "आक्का, रविवारपर्यंत गप्प बस. मुंबईची माणसं येणार हायत बघायला. सव्वीस संपलं मला. परत कोण येणार न्हाई."

हे खरं होतं. एका सरकारी कंपनीच्या संघासाठी दोघेजण फायनल बघायला येणार होते. निवड झाली की कायमची नोकरी. आमचे वडील गेल्यापासून घर माझ्या पगारावर चाललं होतं, आणि ते रणधीरच्या मनाला किती लागत होतं ते मला माहीत होतं. मी गप्प बसले.

पण सर बघत होते. बुधवारच्या सरावात रणधीर उंच चेंडू छातीवर घेत होता, डोक्यावर घेत नव्हता. सर माझ्याजवळ आले.

"घरी झोपतो का नीट?"

"झोपतो. खूप झोपतो," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले. मी खोटं बोलले नव्हते, पण तेवढ्यानं त्यांना काय कळायचं ते कळलं. त्यांनी मामांना सांगितलं, याला मोठ्या दवाखान्यात दाखवा, डोक्याचा फोटो काढा. मामा त्याला पेठेतल्याच ओळखीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि पोरगा ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. सगळ्यांना तेच हवं होतं.

फायनलच्या सकाळी, माडीवर, सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले.

"आता विचार त्याला. पाच शब्द."

"रणधीर, मघाचे शब्द सांग."

"झाड," तो लगेच म्हणाला. "घोडा."

मग थांबला. सगळी पोरं त्याच्याकडं बघत होती. कुणाकुणाचे ओठ नकळत हलत होते. प्रत्येकाला पाचही शब्द पाठ होते.

"घोडा..." तो पुन्हा म्हणाला.

कोपऱ्यात बसलेला आमचा गोलकीपर मुठीत खोकला. त्या खोकल्यात 'साखर' एवढं स्पष्ट ऐकू आलं.

"साखर," रणधीर म्हणाला. "आणि... दार. दार, आणि विहीर."

खाली हलगी वाजत होती. सरांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कारण त्या खोलीत मराठी न कळणारा माणूस एकच होता आणि तो वाट बघत उभा होता, मी काय सांगते याची.

"मॅडम," इंगवलेमामा दारातून शांतपणे म्हणाले, "सरांना सांगा, बरोबर आलं म्हणून."

"मामा..."

"सुनेत्रा, पोरी, अख्खी पेठ रस्त्यावर हाय. डॉक्टरनी बघितलंय त्याला. एक शब्द इकडं का तिकडं. माझ्याबी ध्यानात ऱ्हायला नसता."

पोरांमधून एकजण म्हणाला, "सांगा की मॅडम." तौफिक मुल्लाणी, ज्याला रणधीरच्या जागी खेळावं लागलं असतं, तो मान खाली घालून सतरंजीचा दोरा उपसत होता.

मी रणधीरकडं बघितलं. त्यालाही कळलं होतं की चुकलं, पण नेमकं काय चुकलं ते कळलं नव्हतं. तो तोंड उघडून आठवायचा प्रयत्न करत होता. घामानं त्याचं कपाळ चमकत होतं.

"आक्का," तो म्हणाला. एवढंच.

"प्रोफेसोर्का?" सर म्हणाले.

मी इंग्रजीत सांगितलं, "दोन बरोबर आले. तिसरा त्याला कुणीतरी सांगितला. बाकीचे त्यानं मनानं घातले."

माझं इंग्रजी पोरांना समजलं नसेल, पण सरांनी फळ्याकडं जाऊन रणधीरचं नाव बोटानं पुसलं आणि तिथं तौफिकचं लिहिलं, तेव्हा सगळ्यांना समजलं.

"त्याला सांग, आज तू खेळणार नाहीस. बाकावरही बसणार नाहीस. हे मी ठरवलंय, दुसऱ्या कुणी नाही."

हे मला माझ्या तोंडानं सांगावं लागलं. रणधीर उठला. भिंतीला हात लावत माझ्याजवळ आला.

"हे त्याचं का तुझं?"

"सरांचं."

"मग माझ्याकडं बघून असं का बोलालीस, तुझंच असल्यागत?"

तो जिना उतरून गेला. मामा सरांच्या अगदी तोंडासमोर आले आणि मला न विचारता मराठीतच बोलू लागले. पैसा कुणाचा, पेठ कुणाची, कप किती वर्षांनी दारात आलाय, सगळं. सर खाली वाकून, मान कलती करून ऐकत राहिले. मामा दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "तौफिकला थोडं पाणी द्या. त्याचे हात थरथरतायत."

दुपारी आम्ही स्टेडियमवर पोचलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. रणधीर सासने खेळत नाही. का, तर कोच परदेशी आणि दुभाषी सख्खी बहीण. नागझरीच्या गॅलरीपुढून जाताना मी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि सरळ बघत चालले. "काय मॅडम, किती मिळालं बुरुजाकडनं?" असं कुणीतरी ओरडलं. आवाज ओळखीचा होता. माझाच जुना विद्यार्थी होता तो.

तौफिक सुरुवातीला घाबरला. पहिलाच चेंडू त्याच्या पायाखालून गेला. सर रेषेवरून ओरडले आणि त्यांच्या मागोमाग मी ओरडले, "कमरेकडं बघ. तौफिक, कमरेकडं." हळूहळू तो सावरला. बुरुजाकडीलच्या फॉरवर्डला त्यानं दोनदा असं अडवलं की आमची गॅलरीसुद्धा एक क्षण राग विसरली. हाफटाइमला शून्य-शून्य. कुणी माझ्या हातून पाण्याची बाटली घेतली नाही. सर मात्र नेहमीसारखेच बोलत होते आणि मी नेहमीसारखीच सांगत होते, आणि पोरं माझ्या तोंडाकडं न बघता माझ्या चपलांकडं बघत ऐकत होती.

दुसरा हाफ सरत आला. टायब्रेकर होणार असं वाटू लागलं. आणि बुरुजाकडीलला कॉर्नर मिळाला.

चेंडू उंच आला. बरोबर मधे, जिथं दर वेळी रणधीर असायचा. तौफिक उडाला, पण एक पाऊल उशिरा. त्यांचा पोरगा त्याच्या वर गेला आणि त्यानं डोक्यानं चेंडू खाली मारला. जाळी हलली.

समोरच्या गॅलरीतून फटाक्यांचा धूर उठला. आमची गॅलरी गप्प झाली, आणि मग एकेक मान वळली. गोलकडं नाही, तौफिककडं नाही. माझ्याकडं. आयुष्यात इतके डोळे माझ्यावर कधी पडले नव्हते, आणि पुढंही कधी पडू नयेत.

एक-शून्य हरलो. पोलिसांनी मला आणि सरांना मागच्या दारानं जीपमधून घरी सोडलं.

सोमवारी सकाळी आमच्या भिंतीवर गेरूनं 'घरभेदी' लिहिलेलं होतं. आईनं बादली आणि कुंचा घेऊन ते घासून काढलं. मला म्हणाली, "तू आत जा." मग रणधीरला तिनं मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला. रक्तस्राव नाही, सूज नाही. डॉक्टर म्हणाले, मार बसलाय, महिनाभर विश्रांती घ्या, परत मार बसला असता तर काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही. यातलं 'काही निघालं नाही' एवढंच पेठेत फिरलं. रणधीरनं रिपोर्टाचा लिफाफा माझ्यासमोर टेबलावर टाकला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

मंगळवारी मामांनी सरांना तालमीत बोलावलं. मलाही, कारण माझ्याशिवाय ते होणार नव्हतं. "त्यांना सांगा," मामा म्हणाले, "तुमचं-आमचं इथवरच."

'इथवरच'ला इंग्रजी काय, ते मला पटकन सुचेना. सरांनी हात वर केला. "राहू दे. हा शब्द मला सगळ्या भाषांत कळतो." मग त्यांनी मामांशी हस्तांदोलन केलं. मामांनीही हात मागं घेतला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

पुढचं आधीच सांगून टाकते. मुंबईच्या त्या दोघांनी निवड केली ती तौफिकची. गोल त्याच्यावरून झाला तरी बाकीचा सगळा वेळ त्यानं जे केलं ते त्यांनी बघितलं होतं. आज तो त्या कंपनीत साहेब आहे, दर दिवाळीला घरी येतो. रणधीरला वर्षभर डोकेदुखी पुरली. तो पुन्हा संघातून खेळला नाही. दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज टाकलं त्यानं, आणि संध्याकाळी तालमीच्या लहान पोरांना तो फुटबॉल शिकवतो. इंगवलेमामा आता थकले आहेत, पण तो कप आम्ही घालवला, हे त्यांचं मत कायम आहे. आणि असेलही तसं. रणधीर त्या कॉर्नरला असता तर चेंडू बाहेर गेला असता, असं मलाही वाटतं. पंधरा वर्षं झाली, अजून वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते फायनलनंतरच्या बुधवारचं.

दुपार टळत आली होती. सर आमच्या दारात उभे होते, हातात बॅग. संध्याकाळच्या गाडीनं ते निघणार होते. आईनं त्यांना आत घेतलं. त्यांनी रणधीरच्या बंद दाराकडं बोट केलं आणि मला विचारलं, "येऊ शकतो?"

मी दार ढकललं. रणधीर अंधारात, भिंतीकडं तोंड करून पडला होता. सर खुर्ची असूनही खाली फरशीवर बसले, गुडघे पोटाशी घेऊन. मी दाराजवळ उभी राहिले.

"मी याला एक सांगणार आहे," ते म्हणाले. "जसं बोलेन तसंच सांग. 'सर म्हणतात' असं म्हणू नको. मी म्हणतो तसंच 'मी' म्हण."

ते एकेक वाक्य बोलत आणि थांबत, आणि मी ते मराठीत म्हणत असे. कोल्हापुरात आम्ही बायकाही घरात पुरुषांसारखं 'आलो-गेलो'च म्हणतो. शाळेत तेवढी मी 'आले-गेले' म्हणते. त्यामुळं सरांचं 'मी' माझ्या तोंडून आलं ते माझंच असल्यासारखं आलं.

"मी एकोणतीस वर्षांचा होतो. आमच्या गावाचा लहान क्लब कपच्या फायनलला पोचला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. सुरुवातीलाच एकाचं कोपर माझ्या कानशिलावर बसलं. मी पडलो, उठलो आणि खेळलो. लोक म्हणतात, तसा स्टॉपर त्यांनी परत बघितला नाही. आम्ही जिंकलो. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, कप डोक्यावर धरलेला. अजून गावात गेलो की म्हातारे मला थांबवतात. त्या दिवशी तू असं केलंस, तसं केलंस. मी हसतो. बरोबर, म्हणतो."

सर थांबले. मीही थांबले.

"त्यातलं मला काहीही आठवत नाही. बसमधून उतरलो ते आठवतं. मग एकदम दुसरा दिवस, आईचं स्वयंपाकघर. मधे काही नाही. सामना संपल्यावर माझे वडील मैदानात आले होते. ते कधी मैदानावर यायचे नाहीत, त्यांना हा धंदा पसंत नव्हता. त्यांनी मला मिठी मारली आणि माझ्या कानात काहीतरी बोलले. लोकांनी बघितलं. मी घरी गेल्यावर त्यांना विचारायला हवं होतं, पण लाज वाटली. मुलाला आठवत नाही, हे त्यांना कसं सांगू. उद्या विचारू, असं करत राहिलो. त्याच हिवाळ्यात ते गेले."

सर फरशीकडं बघत होते.

"मी आणखी दोन वर्षं खेळलो. प्रत्येक हेडरनंतर काहीतरी जायचं. एकदा बाजारात बायकोला हाक मारायची होती आणि नाव आठवेना. तेव्हा थांबलो, आणि कोच झालो. मी तुझी फायनल काढून घेतली. तुला राग आहे, तो असू दे. ती फायनल तुला कायम आठवेल. हरलेली, न खेळलेली, पण तुझी."

आई दाराशी येऊन उभी राहिली होती. तिनं सरांना पाण्याचा तांब्या दिला. ते सगळं पाणी प्यायले.

मग रणधीर भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाला, "आक्का."

"काय रे?"

"सेमीफायनलचा गोल सांग."

"तुझा? मोबाईलवर शंभरदा बघितलायस की."

"म्हणून तर म्हाईत हाय." तो कुशीवर वळला. अंधारात त्याचे डोळे तेवढे दिसत होते. "तोंडावर पाणी मारलं, तिथवर हाय मला. मग एकदम आई आरती ओवाळालीया. मधलं काय न्हाई. पोरं जे बोलली ते ऐकून ऐकून पाठ केलंय. मी नव्हतोच तिथं, आक्का."

मी त्याच्या पायाशी बसले आणि सांगू लागले. कॉर्नर उजवीकडनं होता. ऊन समोरून होतं, म्हणून त्यांचा गोलकीपर डोळ्यांवर हात धरून उभा होता. तू मागं होतास, मधल्या रेषेजवळ. कुणाच्या ध्यानात नव्हतं. मग तू पळत आलास, त्यांच्या स्टॉपरला ओलांडून वर गेलास. चेंडू आधी दांड्याला लागला, मग आत गेला. सगळी पोरं तुझ्या अंगावर पडली. त्यातनं तू बाहेर आलास आणि सरळ रेषेकडं आलास, माझ्याकडं.

"हे मोबाईलात न्हाई."

"न्हाई. तवर सगळे नाचालते."

"मग? काय बोललो मी?"

ते मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. आठवडाभर ते वाक्य माझ्या कानात होतं. त्यानं किल्ली तीनदा विचारली तेव्हा होतं, आणि त्या सकाळी तालमीत सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते तेव्हा तर दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.

"तू माझे दोन्ही खांदे धरलेस," मी म्हणाले. "आणि विचारलंस, आक्का, किती झाले?"

रणधीर उठून बसला.

"मला वाटलं, आनंदानं चेष्टा करालास. मी हसलो. दोन-एक म्हणालो. आपण पुढं."

त्यानं दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. आई पुढं झाली, पण मी तिला हातानं थांबवलं. सर उठले नाहीत, काही विचारलंही नाही. आमचं बोलणं त्यांना कळलं नव्हतं, आणि ते माझ्याकडं न बघता खाली बघत बसले होते.

मग रणधीरनं तोंड पुसलं.

"सरांना सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"हे. सगळं. काय गाळू नको."

मी सरांकडं वळले आणि कॉर्नर उजवीकडनं होता, तिथपासून सुरुवात केली.